जुन्या मस्टरमधला सीझन

टीमचं नाव 'सोलापूर शटल्स' ठेवलं
तर पहिल्या मॅचला दोघं जण
बॅडमिंटनच्या रॅकेटी घेऊन आले.
शटल म्हणजे धोटा, मागावरचा,
हे सांगायला गेटवर मलाच उभं केलं.

शेड तीच, अक्कलकोट रोडची.
चोवीस माग होते तिथं आता निळं रबर.
बोल्टांची भोकं सिमेंटनं मीच बुजवली,
तरी अंधारात चाललो तर तळपायाला सापडतात.
सतरा नंबर, डाव्या गोलपोस्टच्या जरा अलीकडं.

तेव्हा जॉबर होतो. आता मॉप मारतो,
टॉवेल देतो, काठ सुटलेले, सेकंडचा माल,
आणि स्कोअर लिहितो
जुन्या मस्टरच्या उरलेल्या पानांवर.

पाच-पाच जण, वीस-वीस मिनिटं, पत्र्याखाली.
पगार अठरा हजार, कागदावर दहा तारखेला.
कागदाचं काय.

मुझम्मिल बागवान गोलकीपर,
पहाटे मार्केट यार्डात डाळिंबाचे क्रेट झेलतो.
विन्या चिलवेरी, रेवणसिद्ध बिराजदार,
आणि गोव्याहून आणलेला आग्नेल.
पहिल्या रात्री कडक भाकरी उलटीपालटी करून म्हणाला,
हे ताट आहे, मग जेवण कुठंय?
डिसेंबरात तोच शेंगाचटणीचा डबा
बुटांच्या पिशवीत ठेवायला लागला.

पहिल्या चार मॅच हरलो. त्याबद्दल काही लिहिलेलं नाही, नुसते आकडे.

नळाला पाणी पाचव्या दिवशी,
त्या हिशोबानं जर्सी धुवायच्या.
नागपूरनंतर पाणी आलंच नाही.
पोरं त्याच घामात कोल्हापूरशी खेळली
आणि सहा-एकनं जिंकली.
विन्या म्हणाला, मामा, आता धुवूच नका.
सलग पाच जिंकलो.
वासानं रेफ्री लांब उभा राहायचा.

मागांनी माझे कान खाल्ले, एकतीस वर्षं.
शिट्टी मला ऐकू येत नाही.
गोल मला जमिनीतून कळतो,
बॉल पत्र्याला लागला तर छातीत.
लोकांची तोंडं मात्र वाचता येतात:
ह्या बाकावर 'कोट्टु', त्या बाकावर 'होडी',
दाराशी 'मार बे, बघायलास काय!'
कारखान्यात विड्या देऊन परतणाऱ्या बाया
रिकामी सुपं गुडघ्यावर बडवायच्या.
ते दिसायचं नुसतं. पण दिसायचं.

मग एप्रिल.
पत्रा तापून शेडमध्ये श्वास जड.
चौदावी मॅच, पुण्याशी. बरोबरी पुरली असती.
दोन-दोन. पळणाऱ्या घड्याळात चाळीस सेकंद.
त्यांच्या पोरानं मारलेला बॉल साधा होता,
जमिनीलगत, मुझम्मिल आधीच खाली गेलेला.
सतरा नंबरवर रबराला फुगा आला होता,
टाचेएवढा.
बॉल तिथं उडला आणि त्याच्या मनगटावरून आत.

सगळे मुझम्मिलकडं बघत होते.
मी जमिनीकडं.
फुगा मला सकाळीच लागला होता, मॉप मारताना.
म्हटलं, संपल्यावर बघू.

हे कुणाला सांगितलेलं नाही.

शेठ आले, पोरांसमोर बोलले.
ओठ वाचले मी: पुढच्या वर्षी बघू.
माग विकले तेव्हा महिना म्हणाले होते.
आग्नेलचे दोन पगार राहिले.
तो हात मिळवून गेला, चटणी मागायला विसरला,
मी स्टँडपर्यंत सायकल मारली,
गाडी सुटली होती.

आज पाणी आलं.
अकरा जर्सी भिजवल्या.
पाणी तीनदा काळं निघालं, चौथ्यांदा बादलीचा तळ दिसला.
मुझम्मिल आला, काही न बोलता पिळू लागला,
त्याचे हात मोठे, एका पिळात सगळं पाणी.
मी तोंड उघडलं.
त्यानं दोरीचं दुसरं टोक माझ्याकडं टाकलं
आणि म्हणाला, ताणून धरा, मामा.

मस्टरमध्ये लिहिलं:
दोन-तीन. हजर: सगळे.
शेऱ्याचा रकाना अजून कोरा आहे.